आजच्यापुरतं

किन्हीराजा
१२ ऑगस्ट २०२४

प्रज्वल,

इकडे सगळे ठीक. तुही माय बरी हाय, गुडघा धरते तेवढंच. आता कामाचं.

आपल्या संगीताची उज्ज्वला बारावीले बहात्तर टक्क्यानं पास झाली, हे तुले मालूम हाय. नर्सिंगच्या कॉलेजात तिचं नाव पहिल्याच यादीत लागलं. फक्त कागद दाखवाचे राह्यले व्हते. इथं बसस्टँडवर बबलूचं कॉम्प्युटरचं दुकान हाय. तिथं तिनं सात तारखेले कॉलेजचं पान काढून पाह्यलं. कागद तपासनी नऊ तारखेले, असं त्याच्यावर लिहेल. नऊले पहिल्या गाडीनं मी आन ती गेलो. गेटावरचा मानूस म्हने, तपासनी पाच तारखेलेच झाली, जे आले नाही त्यायची नावं कटली. तारीख मांगंच बदलली म्हने. मी म्हनलं, आमाले कोनी सांगतलं? तो म्हने, वेबसाइटवर टाकलं, पाहाचं काम तुमचं.

अरे पाह्यलं ना. दोन डोळ्यानं पाह्यलं.

तू पुन्यात याच धंद्यात हायेस. मले सरळ सांग, पाच तारखेले होऊन गेलेली गोष्ट सात तारखेले कॉम्प्युटर "नऊले होनार" म्हनून कशी दाखवते? खोटं कोन बोलून राह्यलं? बबलू, का कॉलेज, का मशीन?

दसरा झाला का संगीता आन रामधन जावई ऊसतोडीले जातील, दरसालासारखे. या साली संगीताची कंबर गेली हाय. तिच्या जागी कोयता धराले मानूस पायजे. पोट्टीले जागा भेटली असती तर ती सुटली असती. आता तिच्याशिवाय दुसरं कोन हाय घरात? म्हनून इचारून राह्यलो, शौक म्हनून नाही.

फोन करू नको. माह्या कानाले फोनवरचं आयकू येत नाही, आन तू फोनवर नुसतं हो हो म्हनतो. कागदावर लिहून पाठव.

ओसरीतल्या फळ्यावर तुह्या मायनं उज्ज्वलाकडून लिहून घेतलं हाय, "प्रज्वल पोळ्याले येनार". ते खरं का?

जगदेव


पुणे
१८ ऑगस्ट २०२४

आदरणीय मोठेबाबा यांना साष्टांग नमस्कार,

हाताने लिहायची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घ्या. उज्ज्वलाचं वाचून फार वाईट वाटलं. हुशार पोरगी आहे. आई म्हणायची, शाळेचे कागद ती एकटीच्या बळावर काढून आणते.

तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. खोटं कोणीच बोललं नाही. कॉम्प्युटरवर ज्याच्यातून वेबसाइट दिसते त्याला ब्राऊझर म्हणतात. एकदा उघडलेलं पान तो आपल्याजवळ जपून ठेवतो. दुसऱ्यांदा मागितलं तर परत इंटरनेटवरून आणत बसत नाही, जवळचंच काढून देतो. त्यामुळे पान पटकन उघडतं. बबलूने जुलैमध्ये कोणासाठी तरी ते पान उघडलं असणार. सात तारखेला त्याच्या मशीनने तेच जपून ठेवलेलं दाखवलं.

खरं म्हणजे दुकान चालवणाऱ्याला हे माहीत पाहिजे. दोन तारखेला संध्याकाळी तारीख बदलली, त्यानंतर त्याने कंट्रोलचं बटण धरून एफ-पाच दाबलं असतं तर ताजं पान आलं असतं. एका सेकंदाचं काम. अशा अर्धवट माणसांच्या हातात गावातल्या पोरींचं भविष्य देऊन आपण मोकळे होतो, याचंच वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी परत फॉर्म भरता येईल. एक वर्ष म्हणजे काही फार नाही. तिला धीर द्या.

पोळ्याचं बघतो. सध्या काम फार आहे.

आपला,
प्रज्वल


किन्हीराजा
२४ ऑगस्ट २०२४

प्रज्वल,

चुलत्याले साष्टांग घालन्यात कागद खर्च करू नको. तिकडे तू कोनाच्या पाया पडतो ते मले मालूम हाय.

तुहं पत्र खिशात घालून बबलूच्या दुकानात गेलो. पीकविम्याचे फॉर्म भराले आठ-दहा मानसं बसेल व्हते. त्यायच्यासमोर त्याले म्हनलं, "दुकान कायले मांडलं बे? एक बटन दाबता येत नाही तर भजे तळ." मानसं हसले. उज्ज्वलाची फाइल उचलली आन तिले घेऊन निंगालो. आता गावातलं कोनी तिथं जाऊन नाही राह्यलं, तालुक्याले मालेगावले जातात.

मी पायरी उतरलो तवा बबलू एवढंच म्हने, "आबा, ते पान शिळं हाय असं त्याच्यावर कुठं लिहिलं नोतं."

तवा मी त्याले अजून एक शिवी देली. पन आता ते बोलनं डोक्यातून जाऊन नाही राह्यलं.

तुले कारंजाची बाजार समिती याद हाय का? बावीस वर्स मी अडत्याकडे फळा लिहिला. आज कोनता माल, कोनत्या ओट्यावर, लिलाव किती वाजता. चौथी शिकलेला मानूस, पन एक नेम केला व्हता. पहिले ओल्या फडक्यानं पुसाचं. सुक्यानं पुसलं का मांगचं अक्षर दिसत राह्यते. मंग लिहाचं. आन सगळ्यात खाली लिहाचं, "आजच्यापुरतं". तू शाळेसाठी माह्याजवळ राहे तवा ते फडकं भिजवून तूच देत होता.

तो नेम कायच्यानं लागला ते तुले सांगतलं नोतं. तू येण्याच्या आधीची गोष्ट. एक दिवस मी पुसलं नाही. कालचीच येळ फळ्यावर राह्यली. शिरपूरचा देवमन म्हनून एक मानूस, तूर घेऊन आला. फळा पाहून म्हने, अजून दोन घंटे हायेत, आन जेवाले गेला. येते तं लिलाव होऊन गेला. त्याची तूर उघड्यावर राह्यली आन वरून पानी आलं. अडत्या मले म्हने, सांग त्याले का यानं येऊन इचाराले पायजे व्हतं. मी नाही सांगतलं. फळा माह्या हातचा, तो पाहून गेला. ओट्यावर उभं राहून म्हनलं, चूक माही. त्या दिवसापासून "आजच्यापुरतं".

आता माहा सवाल आयक. हे तुमचं ब्राऊझर का काय, त्याले पानासंगच सांगता येत नाही का, का बाबा हे आजच्यापुरतं हाय, जपून ठेवू नको, दर खेपेले नवं इचार? अशी काही सोय हाय का नाही? असन तं ते लिहाचं काम कोनाचं? वाचनाऱ्याचं का लिहिनाऱ्याचं?

हो का नाही, एवढंच लिही. बाकी गोल गोल नको.

जगदेव


पुणे
३० ऑगस्ट २०२४

आदरणीय मोठेबाबा,

पोळ्याला येणं जमत नाही. आईला तुम्हीच समजावून सांगा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो. अशी सोय आहे. सर्व्हरवरून पान निघतं तेव्हा त्याच्यासोबत न दिसणारी एक सूचना जाते. हे साठवू नको, किंवा साठव पण दाखवण्याआधी नवं आहे का विचार, किंवा इतके दिवस खुशाल ठेव, असं त्यात सांगता येतं. दोन ओळींचं काम असतं. ते पान बनवणाऱ्याने करायचं असतं.

पण ते इतकं सोपंही नसतं, मोठेबाबा. दर वेळी नवं आणायचं म्हटलं तर खेड्यात, जिथे इंटरनेट धड चालत नाही, तिथे पान उघडायला वेळ लागतो. काम देणारा म्हणतो, पान झटकन उघडलं पाहिजे. मग बनवणारा तसं करतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. फळ्यासमोर माणूस स्वतः येऊन उभा राहतो, वेबसाइटचं तसं नाही.

झालं ते झालं. बबलूला तुम्ही फार बोलला नसाल अशी आशा आहे.

तब्येतीला जपा.

प्रज्वल


किन्हीराजा
६ सप्टेंबर २०२४

प्रज्वल,

आठ-दहा दिवस दुकानात कुत्रं फिरकलं नाही तवा बबलू घरी आला. हातात एक कागद. सात तारखेले उज्ज्वलानं पान पाह्यलं तवा त्यानं ते छापून घेतलं व्हतं. कोपऱ्यात छापल्याची तारीख, सात ऑगस्ट. मंधात कागद तपासनी, नऊ ऑगस्ट. आन सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, पान कोनं बनवलं त्याचं नाव. मले भिंग लावा लागलं.

तुहं नाव हाय.

मंग तुही पत्रं पुन्हा काढली. मी तुले कॉलेजचं नाव लिहिलंच नोतं, आन तू इचारलंच नाही. तारीख कवा बदलली तेही मी लिहिलं नोतं, मलेच मालूम नोतं. तू लिहिलं, दोन तारखेले संध्याकाळी. तुले कोनी सांगतलं? तूच बदलली म्हनून तुले मालूम.

बबलू म्हने, आता ते पान पाह्यलं तर दर खेपेले नवं येते. म्हंजे माहं पहिलं पत्र भेटलं आन तू गुपचूप पुसून घेतलं. पुसलं तं पुसलं. मंग "अर्धवट मानूस" कायले लिहिलं? ते वाचून मी त्या पोराचा धंदा बुडवला ना.

काल त्याच्या दुकानात गेलो. मानसं नोते, तं हाटेलातून बोलावून आनले. त्यायच्यासमोर म्हनलं, त्या दिवशी मी बोललो ते खोटं व्हतं, चूक याची नाही. कोनाची, ते सांगतलं नाही. तुह्या मायलेही सांगतलं नाही. ती पोळ्याच्या दिवशी दोन पुरनपोळ्या तुह्यासाठी वेगळ्या ठेवून बसली व्हती.

आता नीट वाच. तो छापलेला कागद घेऊन मी आन उज्ज्वला कॉलेजात जाऊन आलो. तिथला बाबू म्हने, दोष दुकानाच्या मशीनचा का पानाचा, हे आमाले कसं कळनार, पान बनवनाऱ्याचं सहीनिशी लिहून आना. अठरा तारखेले समिती बसनार हाय. दोन जागा रिकाम्या हायेत. अठरा तारखेच्या आत तुहा कागद आला तं पोट्टीचं नाव त्यात बसते. नाही आला तं नाही बसत.

तीन ओळी लिही. पान माह्या हातचं हाय. जपून ठेवू नको अशी सूचना मी त्याच्यासंग देली नोती. म्हनून सात तारखेले उज्ज्वलाले जुनी तारीख दिसली. खाली सही. बस. पुन्याहून इथं पाच दिवसात टपाल येते. जलदीच्या टपालानं दोन दिवसात.

तुहं नुकसान होईन, मले कळते. ओट्यावर उभं राह्यलो तवा मले कळत नोतं काय?

जगदेव


पुणे
१२ सप्टेंबर २०२४

मोठेबाबा,

तुमचं पत्र वाचलं.

पान माझंच आहे. कॉलेजच्या लोकांना ते मोबाइलवर एका झटक्यात उघडून दाखवायचं होतं, म्हणून "तीस दिवस ठेव" अशी सूचना घातली. तारखांच्या पानापुरती ती काढायची, हे ठरवलं होतं. राहून गेलं. दोन तारखेला त्यांचा फोन आला, तारीख बदला म्हणाले, मी बदलली. माझ्या मशीनवर नवी दिसली. मला वाटलं सगळ्यांना दिसेल. तुमचं पत्र आलं तेव्हा आधी ती सूचना काढली. बबलूचं नाव लिहिलं ते भीतीने. त्याची माफी मागतो असं त्याला सांगा.

तुमच्या शब्दापुढे मी जाऊ शकत नाही. तीन ओळींचा कागद सहीनिशी सोबत ठेवला आहे. यामुळे कॉलेजचं काम माझ्या हातून जाईल, कदाचित आणखी दोन गिऱ्हाइकांचंही जाईल. लग्नाची बोलणी चालली आहेत, तिथेही हे पोचेल. तरीही पाठवतो आहे. वेळेत पोचेल अशी आशा करतो. नाही पोचलं तर निदान मी माझ्याकडून दिलं होतं, हे तुम्ही लक्षात ठेवाल.

आईला काही सांगू नका.

तुमचाच,
प्रज्वल


किन्हीराजा
२६ सप्टेंबर २०२४

प्रज्वल,

तुहं पत्र काल भेटलं. अठरा तारखेले समिती बसली. मी आन उज्ज्वला बाकड्यावर बसेल व्हतो. टपालवाल्याले सकाळी रस्त्यात गाठून इचारलं व्हतं. काही नोतं. बाबूनं इचारलं, कागद हाय का? म्हनलं, नाही. दोन्ही जागा भरल्या.

पत्रावर तारीख तू बारा टाकली. लिफाफ्यावर पुन्याचा शिक्का वीस तारखेचा हाय. भिंग लावून पाह्यलं, उज्ज्वलाले दाखवलं, मंग टपालवाल्याले दाखवलं. तिघायले वीसच दिसली. आन टपाल साधं. अठराची गोष्ट मी तुले लिहिली व्हती.

म्हंजे अठरा होऊ देली. एकोनीस होऊ देली. मंग बाराची तारीख टाकून वीसले पेटीत टाकलं. कागदही देला आन तुह्या केसालेही धक्का नाही. शिकलेला मानूस.

बबलूच्या मशीनले मालूम नोतं का आपल्याजवळचं पान शिळं हाय. त्यानं जे हातात व्हतं ते इमानानं दाखवलं. तुले मालूम व्हतं.

ओसरीतला फळा काल ओल्या फडक्यानं पुसला. "प्रज्वल पोळ्याले येनार" अजून तसंच व्हतं, तुही माय पुसू देत नोती. ती म्हने, कायले पुसलं? म्हनलं, जुनं झालं.

तुहा तीन ओळींचा कागद परत पाठवून राह्यलो. घरात ठेवाच्या कामाचा नाही. उत्तर लिहू नको.

जगदेव


ऊसतोड टोळी, कारखान्यामागचा तळ
२४ नोव्हेंबर २०२४

मामा,

तुमचा मेसेज बाबांच्या फोनवर आला. पुढच्या वर्षीचा फॉर्म तुमी स्वतः भरून देता, मी काहीच करायचं नाही, असं लिहिलं आहे. इथं फोन चार्ज करायला कारखान्याच्या गेटपर्यंत जावं लागते, आणि आबा म्हणतात बोलायचं ते कागदावर बोल. म्हणून लिहून राह्यली.

फॉर्म मी बबलूदादाकडून भरीन.

मी बरी आहे. पहिले आठ दिवस हात फुटले, आता कोयता बसला हातात. बाबा तोडतात, मी तोडते, आई पालात बसून मोळ्या बांधायला वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याचे, बंद वळते. आबांनी फळ्यावर लिहून ठेवलं आहे, "उज्ज्वला तोडीले गेली", आणि खाली "आजच्यापुरतं". आजी सांगत होती, रोज सकाळी पुसतात आणि परत तेच लिहितात.

एक गोष्ट आबांना माहीत नाही. तुमाले सांगते, कारण दुसरं कोणाला सांगू?

आबा बबलूदादाला बोलत होते तेव्हा मी मागं उभी होती. दादानं माह्याकडे पाह्यलं. मी मान हलवून नको म्हटलं. तो चूप राह्यला. पानाखालचं नाव त्याले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीच बोट ठेवून दाखवलं होतं.

सात तारखेला पान पाहून झाल्यावर तो म्हणे, एकडाव कॉलेजात फोन लावून पक्कं करून घेऊ काय, या वेबसाइटवर लय भरोसा नसते. नंबर फिरवायला घेतला होता त्यानं. मी म्हटलं, राहू द्या दादा. आपल्या प्रज्वल मामानं बनवलेलं आहे. घरचं पान आहे.

उज्ज्वला